पुनवेच्या दुपारी तिवरं बघायला गेलेला वर्ग: वाशिष्ठी खोऱ्यातल्या शिक्षक-पेटीचं प्रकरण

डिसेंबर २०२२, दत्तजयंतीचा आठवडा. वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी सहावी-सातवीची मिळून एकोणीस पोरं घेऊन तिवरं, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं, बघायला निघाले. हातात आम्ही काही शिक्षकांनी मिळून बनवलेली पुस्तिका, तिच्यात पान २३ वर लिहिलेलं की तिवराची श्वासमुळं मोजा, चिखलात किती प्रकारची बिळं दिसतात ते बघा, कांदळाची आधारमुळं वहीत काढा. परिपाठ, हजेरी, पोषण आहाराचं बघणं हे सगळं उरकून निघेपर्यंत साडेअकरा झाले, खाडीवर पोचले तेव्हा बारा. आणि समोर नुसतं पाणी. काठोकाठ. तिवरांचे शेंडे तेवढे वर, मुळं नाहीत, चिखल नाही, एक खेकडा नाही. गुरुजी बुलढाण्याचे, त्यांना इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. अर्धा तास थांबले, पाणी काही उतरेना, मग परत फिरले. वाटेत सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, आज पुनव हाय ना, दुपारी भरतीच आसनार. तुमी आमाला इचारलाव कुटं?"

हे त्यांनी संध्याकाळी मला फोन करून सांगितलं. पान २३ मी लिहिलेलं होतं. त्यात भरती-ओहोटीची व्याख्या होती, चंद्र-सूर्य-पृथ्वीची आकृती होती, पण कुठल्या दिवशी किती वाजता खाडीवर जायचं याचा एक शब्द नव्हता. रात्री बराच वेळ ते पान उघडून बसलो होतो.

मी स्वतः परभणी जिल्ह्यातला. २०१२ ला इथे नोकरीला लागलो तेव्हा समुद्र फक्त एकदा बघितला होता, तोही मुंबईत. आमच्या भागातल्या शाळांमधे बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले शिक्षक भरपूर आहेत, कुणी विदर्भातले, कुणी मराठवाड्यातले, चांगलं शिकवणारे, पोरांवर जीव लावणारे, पण खाडी म्हणजे काय ते इथे येईपर्यंत अंगावर न आलेलं. आणि वर्गात बसलेली पोरं त्या खाडीत लहानाची मोठी झालेली. पर्यावरण शिक्षणाचं कुठलंही साहित्य इथे वापरायचं तर हा उलटा प्रकार आधी लक्षात घ्यायला पाहिजे, आम्ही तो घेतला नव्हता, आणि पुढचं सगळं, शिक्षकांसाठी केलेली कार्डांची पेटी सुद्धा, त्यातूनच झालं. गावाचं आणि शाळांचं नाव मुद्दाम देत नाहीये.

आधी नदीबद्दल

वाशिष्ठी सह्याद्रीतून निघते, चिपळूणवरून वाहत दाभोळला अरबी समुद्राला मिळते, सगळं अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. चिपळूण शहरातून शिवनदी येऊन मिळते, खाली खेडकडून जगबुडी. माझ्या जिल्ह्यातून गोदावरी जाते, तिचं पाणी समुद्र बघेपर्यंत किती राज्यं ओलांडतं, आणि इथे घाटमाथ्यावर रात्री पडलेला पाऊस सकाळी खाडीत. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, जवळजवळ सगळाच जून ते सप्टेंबर. घाटाचा उतार संपतो आणि नदी एकदम सपाटीला येते, नेमकं तिथेच चिपळूण वसलंय, आणि भरतीचं पाणी खालून पार गोवळकोटपर्यंत चढतं. म्हणजे वरून लोंढा आणि खालून भरती, मधे शहर.

२२ जुलै २०२१ ला काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. बाजारपेठ, बसस्टँड, घरांचे पहिले मजले सगळं पाण्याखाली, मुंबई-गोवा हायवेवरच्या वाशिष्ठी पुलाचा भाग खचला. आम्ही खाली खाडीकडे, आमच्याकडे कमी घरांत पाणी आलं, पण दोन दिवस खाडीतून सिलेंडर, फ्रीज, कपाटं, दुकानांचे बोर्ड वाहत जाताना पोरांनी काठावरून बघितलं. नंतर कितीतरी महिने तिवरांना साड्या आणि प्लास्टिक अडकलेलं होतं. ऑक्टोबरात शाळा उघडल्या (त्या आधी कोविडमुळे बंदच होत्या) तेव्हा पोरं दुसरं काही बोलतच नव्हती. एवढं पाणी आलं कुठून, हा एकच प्रश्न, आणि परिसर अभ्यासाच्या पुस्तकात त्याचं उत्तर मिळेना. तिथून आम्ही सात शिक्षक एकत्र आलो.

पहिली पुस्तिका

२०२१ च्या दिवाळीपासून मे पर्यंत आम्ही ४२ पानांची पुस्तिका केली. मनापासून केली, रविवार घातले. शहरातल्या संस्थांचं जे चांगलं साहित्य मिळालं ते समोर ठेवून आराखडा केला: जलचक्र, पाणलोट क्षेत्राची व्याख्या, नदीच्या तीन अवस्था, त्रिभुज प्रदेश, जैवविविधता, प्रदूषण, आपण काय करू शकतो. आता वाचताना कळतं की त्या नदीच्या आकृतीत वाशिष्ठी कुठेच बसत नाही, तिला त्रिभुज प्रदेश नाही, तिची म्हातारपणाची अवस्था म्हणजे खाडी, आणि ती दिवसातून दोनदा उलटी वाहते. पण तेव्हा ते खटकलं नाही. पीडीएफ केंद्राच्या (आसपासच्या शाळांचा गट) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, खूप अंगठे आले, "खूप छान उपक्रम सर" आलं.

दत्तजयंतीच्या त्या फोननंतर मी पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सरळ विचारलं, कुणी कुणी वर्गात वापरली. दोन हात वर झाले, त्यातला एक बुलढाण्याच्या गुरुजींचा. मग मी आणि आमच्यातल्या एक बाई, आम्ही दोघं शनिवारी दुपारी एकेका शाळेत जाऊन बसायला लागलो. तक्रार ऐकायची, उत्तर द्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

जे ऐकलं ते असं. शाळा दोनशिक्षकी, एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग, तेव्हा पोरांना कोण कुठे नेणार. ४२ पानं कलर प्रिंट काढायला पैसे नाहीत, मोबाईलवर वाचत शिकवता येत नाही. आम्ही लिहिलंय नदीकाठी न्या, पण वाशिष्ठीत मगरी आहेत, पालक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि बरोबरच विचारतात, त्यावर पुस्तिकेत एक ओळ नाही. एक मॅडम म्हणाल्या, "मी पुस्तिकेत बघून विचारलं, आपल्या गावात ओढा कुठे आहे, सगळी पोरं गप्प. मला वाटलं यांना माहीत नाही." मग एका पोराने विचारलं, "म्हंजे पऱ्या काय बाई?" आणि मग सगळ्या वर्गाने हात वर केले, प्रत्येकाच्या वाडीला वेगळा पऱ्या.

सगळ्यात महत्त्वाचं एका ज्येष्ठ गुरुजींनी सांगितलं. म्हणाले, "माहिती द्यायला तुम्ही भरपूर दिलीत, पण ती वाचून मला भीती वाटते. पोरगा उद्या विचारेल आणि मला येणार नाही. मग मी तो विषयच काढत नाही." हे ऐकून मी आणि बाई परत येताना गाडीवर काही बोललो नाही. आपण शिक्षकाला जास्त हुशार करायला निघालो होतो आणि तो जास्त घाबरला होता.

तिथीचं कार्ड

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवात केली ती त्या मुलीच्या वाक्यापासून. तिला विचारलं तुला कसं कळलं, ती म्हणाली आजी सांगते. आजी खाडीत मुळे काढायला जाते (मुळे म्हणजे शिंपल्या, इथे त्यांचं कालवण करतात), तिला ओहोटी चुकवून चालत नाही. त्या आजींना आम्ही शिक्षण परिषदेत बोलावलं. आधी तयार होईनात, एवढ्या मास्तरांपुढे मी काय बोलू म्हणाल्या. मग नात सोबत आली तेव्हा आल्या, आणि पंचवीस मिनिटं बोलल्या, सगळे शिक्षक वही काढून लिहीत होते.

हिशोब असा आहे आणि कोकण किनाऱ्यावर तो पिढ्यानपिढ्या चालत आलाय: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चौथ असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासून. भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दिवसाला पाऊण तासाने वेळ पुढे सरकते आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढा उशीर वाढतो, आमच्या वाडीला मुखापेक्षा जवळजवळ तासभर. आता पुनवेला सव्वाअकरात एक तास मिळवा, सव्वाबारा. गुरुजी बारा वाजता तिथे उभे होते.

आणि पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. आजींचे शब्द, "भांगाला पानी धड भरत नाय नि धड सुकत नाय." म्हणजे अष्टमीला दुपारी ओहोटी असते आणि शाळेच्या वेळेला सोयीची वाटते, पण भांग असल्यामुळे चिखल पुरता उघडा पडतच नाही. मग शाळेने जायचं कधी? आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर हिशोब मांडला. शनिवारी आपल्या शाळा सकाळच्या. बीज, तीज, चौथ यातली तिथी शनिवारी आली तर आमच्याकडे सुकती साडेआठ ते दहाच्या मधे येते, आणि उधाण नुकतंच गेलेलं असल्यामुळे पाणी लांबपर्यंत उतरतं. वर्षात असे शनिवार मोजकेच निघतात. ते कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवायचे. एवढंच कार्ड, पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला पाढा आणि दुसऱ्या बाजूला त्या वर्षीचे शनिवार. मागे प्रत्येक शाळेने आपला उशीर स्वतः लिहायचा, तो आम्ही छापला नाही, कारण तो पोरांनी दोन-चार दिवस जेटीच्या पायरीवर बघूनच काढायचा असतो.

मार्च २०२३ मधे शिमगा नुकताच झालेला, पालख्या अजून घरोघरी फिरत होत्या, संकष्टी शनिवारी आलेली. बुलढाण्याचे गुरुजी परत त्याच ठिकाणी गेले. मी मुद्दाम रजा टाकून गेलो. पोचलो साडेनऊला, पाणी उतरत होतं आणि तिवराखालची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी हजारोंनी वर आलेली. ती मुलगी पुढे. तिने तिवराचं पान तोडून चाटून दाखवलं, खारट लागतं, कारण तिवर जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतो, उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात. कांदळाची लांब शेंगेसारखी रोपं झाडावरच रुजलेली तिने दाखवली आणि ती चिखलात उभी कशी घुसतात ते सांगितलं. चिप्पी (हेही खाडीतलंच झाड) कुठली ते मलाही तिनेच दाखवलं. मी तिला सांगितलं की पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष जाहीर केलंय, तेव्हा ती झाडाकडे वळून परत एकदा बघत राहिली. गुरुजींनी त्या दिवशी दोनच कामं केली, बांधावरून कुणी खाली पाण्याकडे जाणार नाही हे बघितलं आणि पोरं सांगतील ते लिहून घेतलं.

त्या लिहून घेतलेल्यातून शब्दांचं पान तयार झालं. पोरांनी घरून विचारून आणलेले शब्द: पऱ्या, वहाळ, कोंड, सुकती, भांग, उधाण, खाजण, जुवा, सडा, पातेरा. उघाडी हा शब्द मला अकरा वर्षांत माहीत नव्हता, खारबंधाऱ्याला असलेलं दार, जे गोडं पाणी खाडीत जाऊ देतं आणि भरतीचं खारं पाणी शेतात येऊ देत नाही. पाणलोटाचा आख्खा धडा त्या एका दारापाशी उभं राहून शिकवता येतो. हे पान बदलून आलेल्या शिक्षकासाठी आहे, पोरांसाठी नाही. पेटीत ते सगळ्यात वर ठेवतो.

पेटीतलं बाकीचं

पेटी म्हणजे खरंच एक प्लास्टिकची झाकणाची पेटी आहे, आणि ४२ पानांची आता नऊ कार्डं झालीयत, काळी-पांढरी, झेरॉक्स होतील अशी. सगळ्यांबद्दल लिहीत नाही.

उताराचं कार्ड पोरांना फार आवडतं. सुपारीच्या दोन विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद सालं) घ्यायच्या, दोन्हींत सारखी तांबडी माती भरायची, एकीवर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, पसरायचा, दोन्ही चिऱ्यावर टेकवून उतरत्या ठेवायच्या आणि वरून एकेक तांब्या पाणी ओतायचं, खाली काचेच्या बरण्या. उघड्या विरीचं पाणी धपकन येतं आणि चहासारखं, पातेऱ्याचं सावकाश येतं आणि बरंच निवळ. दोन्ही बरण्या रात्रभर तशाच ठेवायच्या आणि सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, "म्हणून आजोबा बोलतात खाडी भरली." चिपळूणकर २०२१ च्या अखेरीस नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले होते, ते पोरांनी टीव्हीवर बघितलेलं, पण तो गाळ वरच्या उघड्या पडलेल्या डोंगरावरून आलाय ही कडी त्या बरणीपाशी जुळली.

छपराचं गणित पाचवीला जमतं. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर ६० चौरस मीटर धरा, पाऊस ३००० मिलीमीटर धरा, झाले १,८०,००० लिटर. मग पोरांना विचारायचं मे महिन्यात वाडीत टँकर का येतो. तिथे उत्तर आम्ही लिहिलेलं नाही. कातळ, जांभा, उतार, कुठली बाव (विहीर) कधी आटते हे पोरं बोलत बोलत तिथपर्यंत जातात.

जुलैचं पान

हे पान आम्ही तीनदा लिहिलं. पहिल्या पुस्तिकेत महापुराचा धडा फोटोंनी सुरू होत होता, बुडालेलं बसस्टँड, छपरावरची माणसं. एका शाळेत ते पान उघडल्यावर पाचवीतला एक मुलगा उठून बाहेर गेला आणि गेटपाशी जाऊन बसला. त्याच्या मामाचं दुकान चिपळूणला होतं, तो त्या रात्री मामाकडेच होता. बाईंनी त्याला काही विचारलं नाही, नुसत्या जवळ जाऊन बसल्या. नंतर आम्हाला म्हणाल्या की तुमचं पान काढून टाका नाहीतर बदला, मी हे परत वर्गात उघडणार नाही.

आता त्या पानावर एकही फोटो नाही. सुरुवात पंचांगाने होते. २४ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा होती, मग २२ ला तिथी कुठली, त्रयोदशी. तेरा पाऊण? पावणेदहा. म्हणजे दाभोळच्या मुखाशी सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. आता वर घाटात पाऊस कोसळतोय, ते पाणी खाली येतंय, आणि खाली दार बंद. पोरं हे स्वतः मांडतात आणि वर्गात एकदम शांतता होते, पण ती भीतीची नसते, मी दोनदा बघितलीय. गेटपाशी बसणारा तो मुलगा आता सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात रोज सकाळी शाळेच्या पर्जन्यमापकाचं, म्हणजे कापलेल्या बाटलीचं, माप तोच घेत होता, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या आधी दोन दिवस फळ्याच्या कोपऱ्यात "उधाण" असं लिहून ठेवत होता. त्याला हे काम कुणी दिलं नव्हतं.

कोयनेचा प्रश्न

आमच्या पहिल्या पुस्तिकेत पाणलोटाची जी व्याख्या होती ती कुठल्याही पुस्तकात असते तशीच: डोंगराची धार ही सीमा, अलीकडे पडलेलं पाणी अरबी समुद्राला, पलीकडचं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. शाळेच्या अंगणात माती-चिऱ्यांचा सह्याद्री करून वरून झारीने पाणी घातलं की हे छान दिसतं. हे करत असताना एका सहावीच्या मुलाने विचारलं की मग मे महिन्यात पाऊस नाही, बाकीच्या नद्या सुकतात, आपल्या वाशिष्ठीला पाणी कुठून येतं.

ज्या गुरुजींना भीती वाटत होती ना, हा प्रश्न नेमका त्यांच्याच वर्गात आला. या वेळी ते म्हणाले, मला माहीत नाही, घरी विचारून या, मी पण विचारतो. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाचं उत्तर एकच, "कोयनेचं पानी." एका मुलीचे काका अलोऱ्याला, तिथल्या वीजघरावर, कामाला होते, तिने सगळंच सांगितलं.

गोष्ट अशी आहे की कोयना नदी डोंगराच्या पलीकडची, सातारा जिल्ह्यातली, कृष्णेला मिळणारी. धरण बांधून तिचं पाणी अडवलं आणि बोगद्यांतून डोंगर फोडून ते पश्चिमेला पोफळी-अलोऱ्याच्या वीजघरांवर सोडलं, साठच्या दशकापासून. एकूण १९६० मेगावॅटची क्षमता, आणि कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेलं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत येतं. म्हणजे पलीकडे पडलेला पाऊस, जो एरवी आंध्रातून बंगालच्या उपसागराला गेला असता, तो आमच्या खाडीतून अरबी समुद्राला जातो. विजेची मागणी जशी वाढते-उतरते तसं नदीचं पाणी चढतं-उतरतं, हे काठावरच्या माणसांना रोजचं आहे.

आता अंगणातल्या मातीच्या सह्याद्रीला त्या पोरांनी पाईपचा तुकडा घातला. डोंगराच्या धारेखालून आरपार. आणि पलीकडच्या बाजूला पाणी ओतलं की ते अलीकडे येतं. मला वाटतं आमच्या सगळ्या कामात हे सगळ्यात चांगलं साधन आहे आणि ते आम्ही बनवलेलं नाही. त्या पाईपवरून जे प्रश्न निघतात ते आठवी-नववीपर्यंत पुरतात: पलीकडच्या माणसांचं पाणी कमी होतं का, धरणासाठी ज्यांची गावं उठली ते कुठे गेले, पावसाळ्यात नदी आधीच भरलेली असताना हे पाणी सोडायचं की थांबवायचं, आणि ते ठरवतं कोण. २०२१ नंतर या शेवटच्या प्रश्नावर चिपळुणात मोठी माणसं तावातावाने बोलत होती. वर्गात आम्ही बाजू घेत नाही, पण प्रश्न दाबतही नाही, आणि याबद्दल आमच्या सातांत पूर्ण एकमत आहे.

याच पाईपमुळे दोन शाळा जोडल्या गेल्या, घाटाखालची एक आणि खाडीकाठची एक. पोस्टकार्ड लिहितात, पन्नास पैशांचं. वरची पोरं लिहितात काल आमच्याकडे बाटली दोनदा भरली, खालची लिहितात आमच्या जेटीच्या इतक्या पायऱ्या बुडल्या. कार्ड पोचेपर्यंत पाणी कधीच समुद्रात गेलेलं असतं, म्हणून पावसाळ्यात आता फोनही करतात. वरच्या पोरांना भरती काय ते माहीत नव्हतं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी खाडी बघितली नव्हती, तिच्यापासून तासाच्या अंतरावर राहून. २०२४ ला "आनंददायी शनिवार" चा निर्णय आला त्यामुळे शनिवारच्या अशा कामाला वेगळी परवानगी मागत बसावं लागत नाही, हा मोठा आधार झाला. त्या हिवाळ्यात एका तीजेच्या शनिवारी वरची पोरं खाली आली, आणि खालच्या पोरांनी त्यांना तिवराचं पान चाटायला दिलं.

जे अजून जमलेलं नाही

बदल्या होतात. सातांतले तिघं आपापल्या जिल्ह्यात परत गेले, बुलढाण्याचे गुरुजी पण. जाताना पेटी दुसऱ्याच्या हातात जाते की कपाटात, हे अजून माणसावर अवलंबून आहे. आम्ही एवढं केलं की पेटीची चावी आणि शब्दांचं पान सहावी-सातवीच्या दोन पोरांकडे ठेवायचं, नवीन शिक्षक आले की तेच दाखवतात. दोन शाळांत हे चालू आहे, बाकी ठिकाणी बघतोय.

आणि नववं कार्ड कोरं आहे. खाडीत कधी कधी मासे मरून वर येतात, बोय, शेंगटी, पांढरा थर काठाला लागतो, पाण्याला वास येतो. पोरं ते बघतात, काहींच्या घरची चूल त्यावर चालते. आमच्यात यावर भांडण आहे. काहींचं म्हणणं, आपण जिल्हा परिषदेचे नोकर, कारण सिद्ध झाल्याशिवाय पोरांपुढे बोलायचं नाही. मला ते पटत नाही, पण त्यांची काळजी खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. सध्या कार्डावर फक्त रकाने आहेत: तारीख, तिथी, भरती की सुकती, पाण्याचा रंग, वास, कुठले मासे, कोणी बघितलं. कारणाचा रकाना ठेवायचा की नाही ते ठरलेलं नाही. त्या आजींनी आतापर्यंत नातीकडून चार नोंदी लिहून घेतल्यात, आणि चौथ्या नोंदीखाली रकाना नसतानाही खाली जागा सोडून ठेवायला सांगितलंय.